असं लोक मानतात

शर्मिला तेलगोटे संशयी आहे असं बोपोडीत सगळे म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. भाजीवाल्यानं काटा हातात धरला की ती आधी रिकामी पारडी बघायची. गॅसचं सिलिंडर आलं की सील तपासल्याशिवाय माणसाला दारातून हलू द्यायची नाही. लग्नाच्या वयात एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत आहे असं सांगितलं गेलं. शर्मिलानं कुठल्या शाखेत, कुठल्या टेबलावर असं विचारलं आणि मग स्वतः त्या शाखेत जाऊन चौकशी केली. मुलगा बँकेत होता खरा, पण रोजंदारीवर, बाहेरच्या गेटाशी. संशयानं तिला एकदा वाचवलं, त्यामुळे पुढे आलेली दोन चांगली स्थळं त्याच संशयानं घालवली तेव्हा तिला कुणी बोलू शकलं नाही. ती आईवडिलांपाशीच राहिली.

हा स्वभाव तिच्यात आला तो वडिलांकडून. दशरथ तेलगोटे मूळचे अकोल्याकडचे. छप्पन्न साली नागपूरला दीक्षेच्या सोहळ्याला ते वडिलांचं बोट धरून गेले होते. पुढे पुण्यात येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. घरात अंगारा नाही, गंडा नाही, नवस नाही. कुणी मोठ्यानं सांगितलं, पोथीत लिहिलंय, बापजाद्यांपासून चालत आलंय, एवढ्यावर काही मानायचं नाही, ही त्यांची शिकवण. शेजारचं कुणी बाबाबुवाचं कौतुक करायला लागलं की ते एकच शब्द विचारायचे, "काहून?" पुण्यात चाळीस वर्षं काढूनही 'का' विचारणारा हा वऱ्हाडी शब्द त्यांनी सोडला नव्हता, आणि त्याला उत्तर देणं भल्याभल्यांना जमत नसे.

नव्वदनंतर कारखान्यात नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. स्वेच्छा कुणाची हे दशरथांना शेवटपर्यंत कळलं नाही. आलेल्या रकमेतून त्यांनी घरात रंगीत टीव्ही आणला आणि केबल घेतली. वस्तीत सगळे सिनेमे बघायचे, हे मात्र डायनासोर, पिरॅमिड आणि ताऱ्यांचे माहितीपट बघत बसायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मग शर्मिला शेजारी बसून जमेल तसं सांगायची, आणि ते मधेच अडवायचे. हा माणूस म्हणतो, पण त्यानं पाहिलं का? मोजलं कशानं? शर्मिलाला उत्तर यायचं नाही. ती दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन विश्वकोश उघडायची. कांताबाई, तिची आई, म्हणायच्या की या दोघांना जेवणात मीठ बरोबर आहे हे सुद्धा पुराव्याशिवाय पटत नाही.

शर्मिला टेलिफोन खात्यात होती. आधी ट्रंक बुकिंगच्या बोर्डावर. गल्लोगल्ली पिवळे बूथ झाले, लोक थेट फोन लावायला लागले आणि ट्रंक बुकिंग बसलं. तिची बदली चौकशीच्या खिडकीवर, म्हणजे १९७ वर झाली. लोक नाव सांगायचे, ती नंबर सांगायची. एके दिवशी एका माणसानं फोन करून नंबर विचारला, तिनं सांगितला. थोड्या वेळानं त्याचाच आवाज, दुसरा नंबर. मग तिसरा. शर्मिलानं ताबडतोब सुपरवायझरकडे तक्रार केली. दोन दिवसांनी तो माणूस ऑफिसातच येऊन उभा राहिला. मध्यम वयाचा, खादीचा झब्बा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो दत्तप्रसाद मोने. बुधवार पेठेत रेडिओ-टेपच्या दुकानाच्या वर त्याचा छोटासा स्टुडिओ होता. शाळांसाठी, वाहिन्यांसाठी तो विज्ञानाचे आणि इतिहासाचे माहितीपट करायचा आणि त्याला निवेदनासाठी आवाज हवा होता. त्यानं सांगितलं की तिच्या आवाजात एक गुण आहे: ती नंबर सांगते तेव्हा माणूस तो पुन्हा तपासत नाही.

शर्मिला पहिल्यांदा वडिलांना सोबत घेऊन गेली. दशरथांनी स्टुडिओ पाहिला, भिंतींना लावलेला काथ्या आणि स्पंज हातानं दाबून पाहिला, मोनेंना खूप प्रश्न विचारले आणि उतरताना जिन्यात म्हणाले, माणूस बोलतो फार, पण काम खरं करतो.

त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं शर्मिलाच्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली. ऑफिस सुटलं की ती बुधवार पेठेत जायची. भूकंप कसा होतो, जंतर-मंतर वेधशाळा कशी चालते, सर्पदंशावर काय करावं, सह्याद्रीतल्या लेण्यांमध्ये पाणी कसं साठवलं जायचं, हे सगळं महाराष्ट्रातल्या शाळांनी तिच्या आवाजात ऐकलं. मोने लिहायचे, ती वाचायची, पण नुसती वाचायची नाही. बोपोडीत सायबर कॅफे निघाला तेव्हापासून ती संहिता आधी घरी न्यायची आणि एकेक ओळ इंटरनेटवर तपासायची. लोणार सरोवराच्या माहितीपटात त्याचं वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास असं तिनं वाचलं होतं. काही वर्षांनी तिच्या वाचनात आलं की नव्या तपासणीत ते पाच लाखांवर गेलंय. तिनं मोनेंना ते बदलायला लावलं. दशरथांनी विचारलं, मग आधीचे खोटं बोलत होते का? शर्मिला म्हणाली, नाही बाबा, त्यांनी त्यांच्या परीनं मोजलं होतं, आणि चुकलं हेही त्यांच्यातल्याच कुणीतरी सांगितलं. दशरथांना हे फार आवडलं. विहारात रविवारी त्यांनी सगळ्यांना ते सांगितलं.

मोने मात्र कधीकधी वैतागायचे. "शर्मिलाताई, मी संहिता लिहितो, कोर्टात साक्ष देत नाही," असं ते म्हणायचे. पण बदल करायचे.

मधल्या काळात धाकटा भाऊ रोहन इंजिनियर झाला, हिंजवडीत लागला, वाकडला फ्लॅट घेऊन राहायला गेला. शाळांना सीडी लागेनाशा झाल्या. मोनेंचा स्टुडिओ लग्नाच्या व्हिडिओंवर चालू लागला. शर्मिला निवृत्तीला आली. दशरथांना साखरेचा त्रास निघाला होता, पण गोळ्या आणि पथ्यावर तो आटोक्यात होता. रोहननं त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. टीव्ही मागे पडला आणि दशरथ फोनवर माहितीपट बघायला लागले. आता तर मराठीतही खंडीभर मिळत होते.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी दशरथांच्या डाव्या पायाच्या करंगळीला नवी चप्पल लागली. एवढीशी जखम. ती भरेना. पाय सुजला, काळा पडू लागला, आणि एका सकाळी ते उठून बसलेच नाहीत. बोलत होते ते भलतंच. रोहन गाडी घेऊन आला. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर साखर इतकी वर गेली होती की डॉक्टरांनी दोनदा तपासून घेतली. पायाची करंगळी काढावी लागेल असं त्यांनी सांगितलं, आणि उशीर झाला असता तर पाऊलही.

शर्मिलाचा पहिला संशय गोळ्यांवर. रोज गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर एवढी वाढते कशी? औषधं नकली असणार. बापावर शस्त्रक्रिया चालू असताना ती बोपोडीतल्या औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहिली आणि चार लोकांदेखत त्या दुकानदाराला नको नको ते बोलली. त्यानं निमूटपणे बिलं काढून दाखवली. तेलगोटे काकांनी उन्हाळ्यानंतर गोळ्या नेलेल्याच नव्हत्या.

ती परत आली तेव्हा कांताबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. शर्मिलानं विचारलं तशी त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि खाली बघत सांगितलं की ह्यांनी गोळ्या बंद केल्यात, आणि ते पाणी पितात.

कुठलं पाणी हे शर्मिलाला आठवलं. घरात काही महिने प्लास्टिकचा एक कॅन येत होता. विहारातले काही लोक दर रविवारी जीप करून मोरकड्याच्या लेण्यांकडे जात आणि येताना तिथल्या टाक्यातलं पाणी आणत. कात्रजचा घाट ओलांडून पलीकडे आडवाटेला हे लेणं. शर्मिलाला वाटलं होतं की म्हातारी माणसं सहलीला जातात, आठवण म्हणून पाणी आणतात. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत तिनं सगळ्यांवर नजर ठेवली होती. बापावर ठेवायची असते हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तूच तर सांगत होतीस त्यात," कांताबाई म्हणाल्या. "तुझाच आवाज होता. मला वाटलं, तुझं नि त्यांचं बोलणं झालंय."

दशरथांचा फोन कांताबाईंच्या पिशवीत होता. शर्मिलानं तो उघडला. व्हिडिओ शोधावा लागला नाही, तो सगळ्यात वर होता. मोरकड्याचा कातळ, त्यात कोरलेल्या खोल्या, पाण्याचं हिरवट टाकं, मागे बासरी. आणि तिचा आवाज. दोन हजार वर्षांपूर्वी इथे राहणारे भिक्खू आजारी माणसांची शुश्रूषा करत. मग थोडी बासरी. मग पुन्हा तिचाच, शांत, नंबर सांगणारा आवाज: या टाक्यातलं पाणी नेमानं प्यायल्यानं रक्तातली साखर उतरते. एवढंच. त्याखाली शेकडो लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

हे वाक्य आपण कधी म्हटलं, हे शर्मिलाला आठवेना. तिनं पुन्हा ऐकलं. मग फोन कानाशी धरून पुन्हा. आणि तिच्या लक्षात आलं की वाक्य संपलेलं नाही. वाक्य संपवताना ती शेवटचा शब्द अलगद खाली टेकवायची, ही तिची जुनी लकब. इथे 'उतरते' हवेत होतं. त्याच्यापुढे काहीतरी होतं आणि ते कुणीतरी कापलं होतं.

रोहनला विचारलं तर तो आधी गोंधळला, मग ओशाळला. व्हिडिओ त्यानंच बाबांना पाठवला होता. ऑफिसातल्या कुणीतरी टाकला होता, ताईचा आवाज ओळखून त्याला अभिमान वाटला. पूर्ण ऐकला का, यावर त्यानं नकारार्थी मान हलवली. पहिली दहा सेकंदं ऐकली होती. ताईचा आवाज आहे म्हटल्यावर पुढे काय ऐकायचं, तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच ते लागलं.

पण कापलं कुणी? मूळ रेकॉर्डिंग एकाच माणसाकडे होतं. धंदा बसलेला, स्टुडिओचं भाडं थकलेलं, अशा माणसानं जुना माल कुणाला विकला असेल तर त्यात नवल ते काय, असं मनाशी पक्कं करूनच शर्मिला दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत गेली. गणपतीच्या दर्शनाच्या रांगेतून वाट काढत जिना चढली आणि मोनेंसमोर फोन ठेवला. काय झालं, बाबा कुठे आहेत, हेही तिनं तिथेच सांगितलं.

मोनेंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. त्यांचा चेहरा उतरला, पण हे तुम्हीच विकलंत आणि कापलंत, असा आरोप शर्मिलानं केला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कोरडेपणानं म्हणाले, "वाक्यं तोडायची माझी सवय नाही, शर्मिलाताई. इतकी वर्षं माझी वाक्यं तुम्हीच तोडत आलात."

मग त्यांनी कपाटातून मूळ सीडी काढली आणि लावली. 'सह्याद्रीतली पाण्याची टाकी'. तीच दृश्यं, बासरी नाही, आणि तिचा दहा वर्षांपूर्वीचा आवाज: या टाक्यातलं पाणी नेमानं प्यायल्यानं रक्तातली साखर उतरते, असं आसपासचे लोक मानतात. मात्र या समजुतीला कोणताही आधार नाही.

ही सीडी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना गेली होती. कुणाच्याही हाती लागू शकली असती. शर्मिलानं माफी मागितली. मोने ती घेतल्यासारखं करून खिडकीबाहेर बघत राहिले. तिला ते खटकलं. रागावलेला माणूस असा खिडकीबाहेर बघत नाही, असं तिला वाटलं. पण तेव्हा तिनं विचारलं नाही.

दशरथांना घरी आणलं. पायाला पट्टी, गोळ्या सुरू, इंजेक्शनही. शर्मिलानं त्यांना मूळ सीडी ऐकवली. त्यांनी ऐकली आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, काहून. त्यातून आपलं लेणं. आपल्या माणसांनी तिथं औषधपाणी केलं असंल, असं वाटलं. बरं वाटलं ते ऐकून. बरं वाटलं म्हणून खरं मानलं, पोरी. मी."

शर्मिलानं त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

पाणी विकणारा कुणीतरी असणारच, आणि ज्याला त्यातून मिळतं त्यानंच हे केलं, असा तिचा पुढचा कयास. एका रविवारी ती स्वारगेटहून एसटीनं निघाली आणि फाट्यावर उतरून चालत मोरकड्याला पोचली. पायथ्याशी गाड्याच गाड्या. टपरीवर रिकामे कॅन लटकवलेले. टपरी गेनबा नावाच्या म्हाताऱ्याची. त्याची जमीन लेण्याच्या खालीच. शर्मिला चहा घेऊन बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली, हा माणूस कुठे अडकतो ते शोधत. पाण्याचे किती घेता, तिनं विचारलं.

गेनबा म्हणाला, पाण्याचं काही नाही, कॅनचे तेवढे. शर्मिलाला खरं वाटलं नाही. मग घरात कुणाला साखर आहे का, त्यांनी पाणी पिऊन बघितलं का, असं तिनं आडून विचारलं.

"आमी कशाला पिऊ?" गेनबाला हसू आलं. "त्यात आमी म्हशी धुवायचू. माझ्या मंडळीला साखर हाय, ती सरकारी दवाखान्यातली गोळी खाती."

"मग लोक मानतात ते?"

"कोन लोक?"

"तुम्हीच. आसपासचे लोक. पूर्वीपासून."

गेनबानं कपात चहा ओतता ओतता हात थांबवला. "आमच्यात असलं काय न्हवतं, बाई. लई वर्सामागं एक पिच्चरवाला आल्ता पुन्याचा. चष्म्याला दोरा बांधल्याला. त्यानं इचारलं, ह्या पान्यानं काय बरं व्हतं म्हनत्यात? म्या म्हनलं, काय न्हाय. तर त्यो म्हनला, आजोबा, लोक काय तरी म्हनत असतीलच की. म्या म्हनलं, असतील बाबा."

पुढे तो सांगत राहिला, आता मात्र शहरातली एवढी माणसं येतात म्हटल्यावर गावातल्या बायाही टाक्यापाशी दिवा लावायला लागल्या आहेत. काही असल्याशिवाय का एवढे लोक येतील, असं त्या म्हणतात. त्याची मंडळीसुद्धा परवा एक तांब्या घेऊन गेली.

शर्मिलानं चहा तसाच ठेवला.

परतीच्या एसटीत तिला रेकॉर्डिंगचा तो दिवस आठवू लागला. त्या संहितेतली लेण्यांची सनावळी तिनं तपासली होती. टाक्याची खोली तपासली होती. शिलालेखातल्या एका नावाच्या ऱ्हस्व-दीर्घावरून मोनेंशी वाद घातला होता. पण 'असं आसपासचे लोक मानतात' या ओळीवर तिची पेन्सिल थांबलीच नव्हती. तिनं ती सरळ वाचली होती. खेड्यातली माणसं, काय वाटेल ते मानत असणार, त्यात तपासायचं काय? आवाज टेकवून, स्पष्ट, तिनं ते वाचलं होतं.

सोमवारी ती पुन्हा बुधवार पेठेत गेली. मोने एका लग्नाच्या व्हिडिओवर काम करत होते. तिनं गेनबाचं नाव घेतलं आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

"मला वाटलंच होतं तुम्ही तिथे जाल," ते म्हणाले.

"कुठले लोक मानत होते, मोने?"

त्यांनी लपवलं नाही. शाळांसाठीच्या माहितीपटात एक अंधश्रद्धा आणि तिचं निराकरण असावं अशी वरून अट होती. मोरकड्याला काही मिळेना. नुसतं इथे पाणी आहे, जुन्या लोकांनी शहाणपणानं साठवलं, यावर मंजुरी मिळाली नसती. "खोडायला आधी काहीतरी लिहावं लागतं," ते म्हणाले. "मी पुढच्याच वाक्यात खोडलं होतं. मुलांचं भलंच व्हावं म्हणून."

"नव्हतीच ती समजूत. तुम्ही लावलीत, आणि मी पाणी घातलं."

मोनेंनी मान खाली घातली. या माणसानं तिला पंधरा-सोळा वर्षं काम दिलं होतं, मान दिला होता, तिच्या प्रत्येक शंकेला उत्तर दिलं होतं. तिला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती, आणि दोन्हींवर तिचा विश्वास बसत नव्हता. आता बाकीच्या सगळ्या माहितीपटांत आणखी कुठे कुठे 'लोक मानतात' आहे, तिनं विचारलं. मोने म्हणाले, आठवत नाही. ते खरं असावं. त्यानं तर तिला जास्तच भीती वाटली.

ती जायला उठली तेव्हा त्यांनी मूळ सीडी तिच्या हातात दिली आणि म्हणाले की तिला वाटेल तसं करावं, त्यांचं नाव घेऊन सांगावं, ते नाकारणार नाहीत. यापुढे आपल्यासाठी वाचणार नाही, एवढं सांगून ती जिना उतरली.

रोहननं तो कापलेला व्हिडिओ काढून टाकण्यासाठी रीतसर तक्रार केली. तो निघाला, पण तोवर त्याच्या इतक्या नकला झाल्या होत्या की एक काढावी तर दुसरी दिसे. टाकणारा कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मग शर्मिलानं ठरवलं की आपण सांगायचं. रोहननं फोन उभा केला. बोपोडीच्या घरात खुर्चीवर बसून तिनं आधी आपलं नाव सांगितलं, मग मूळ वाक्य पूर्ण वाचलं, मग ते लोकांनी कधीच मानलेलं नव्हतं हेही सांगितलं. गेनबाला तिनं आधी विचारून घेतलं होतं. त्याचं बोलणं त्यात होतं. मोनेंनी चार वाक्यं लिहून पाठवली होती, ती तिनं एकही शब्द न बदलता वाचली. शेवटी दशरथ आले. त्यांनी पायावरची पट्टी दाखवली, आणि गोळ्या सोडू नका म्हणाले.

तो व्हिडिओ फारसा कुणी पाहिला नाही. ज्यांनी पाहिला त्यांतल्या कितीतरी जणांनी खाली लिहिलं की ही बाई खोटी आहे, औषध कंपन्यांची माणूस आहे. एकानं लिहिलं, आवाज जुळत नाही. दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला की मूळ व्हिडिओतला आवाज किती शांत आणि खरा वाटतो, हा घाबरलेला आहे. विहारातले काही जण तर तेलगोट्यांशी बोलेनासे झाले. आपल्या लेण्याची बदनामी केली, असं त्यांचं म्हणणं. दशरथ तरीही रविवारी काठी टेकत जात राहिले आणि मागच्या ओळीत बसत राहिले.

शर्मिलानं खाली उत्तरं लिहून पाहिली. लिहिलं की लोक आणखी भडकायचे. मग एक दिवस तिनं फक्त घराचा पत्ता टाकला आणि लिहिलं की ज्याला शंका असेल त्यानं येऊन समोर बसून ऐकावं. रोहन तिच्यावर चिडला. असा पत्ता कुणी देतं का, ताई, तू, सगळ्यांवर संशय घेणारी? ती म्हणाली, मला शंका आली असती तर मी गेले असते.

बरेच दिवस कुणी आलं नाही. नंतर एका दुपारी दारात एक बाई उभी. कात्रजहून दोन बस बदलून आली होती, नाव गोदाबाई. हातात पिशवी, पिशवीत डॉक्टरांचे रिपोर्ट आणि एक भरलेली बाटली. पाणी कुठलं, ते विचारायची गरज नव्हती. मालकांना साखर आहे, ती म्हणाली, आणि ते गोळ्या घ्यायला तयार नाहीत. पाण्यानं हलकं वाटतं म्हणतात. सुनेनं हा व्हिडिओ दाखवला. ती खात्री करायला आली होती.

शर्मिलानं तिला बसवलं. सीडी लावू का विचारलं, तर गोदाबाई नको म्हणाली. तोंडानं म्हणा, ती म्हणाली, आणि डोळे मिटून बसली. कांताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शर्मिलानं ते वाक्य पहिल्यापासून शेवटापर्यंत म्हटलं. मग पुढचं. मग मोरकड्याला काय झालं, आपल्या बापाचं काय झालं, सगळं. दशरथांनी न सांगता पाय पुढे केला. गोदाबाईनं डोळे उघडून तो नीट पाहिला, करंगळीच्या जागी हातही लावून पाहिला.

"आवाज तोच हाय," ती म्हणाली. "पण तेव्हाचं खोटं नि आत्ताचं खरं, हे कशावरनं?"

दशरथांनी शर्मिलाकडे पाहिलं. तिच्याकडे उत्तर होतं ते इतकंच, की साखर मोजता येते. आत्ता पाण्यावर आहेत तर साखर मोजा, मग आठवडाभर गोळ्या देऊन पुन्हा मोजा, माझं ऐकू नका आणि त्या व्हिडिओचंही ऐकू नका. जवळचा दवाखाना कुठला, तिथे कधी गर्दी नसते, हे तिनं सांगितलं आणि सोबत यायची तयारीही दाखवली.

गोदाबाईनं चहा घेतला. साखर नको म्हणाली, मग थोडी चालेल म्हणाली. रिपोर्ट पिशवीत घातले, बाटलीकडे थोडा वेळ बघितलं आणि तीही पिशवीत ठेवली.

"गोळ्या चालू करते त्यांच्या," उठताना ती म्हणाली. "पाणी बी देते. दोन्ही देते."

शर्मिला काहीतरी बोलणार होती. दशरथांनी मानेनंच तिला थांबवलं. मग ती चप्पल घालून गोदाबाईला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली, आणि वाटेत दवाखान्याचा रस्ता तिला पुन्हा एकदा नीट समजावून सांगितला.